रोज चालणाऱ्या ३५० इंजिनाला हेड निवडताना

हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण; त्यात व्हॉल्व्ह, हवा आत आणणारे पोर्ट आणि ज्वलनाची पोकळी, म्हणजे चेंबर, असतात. प्रश्न थोडक्यात असा आहे. शेवरोलेचं ३५० घन इंचाचं स्मॉल ब्लॉक व्ही-८, सत्तरच्या दशकातली ७६ सीसी चेंबरची लोखंडी हेड, सपाट माथ्याचे पिस्टन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, कंपनीचाच टॉर्क कन्व्हर्टर, मागच्या डिफरन्शियलचा रेशो ३.०८. गाडी रोज वापरायची आहे आणि पिकअप सुधारायचा आहे. १८० सीसी पोर्टची ॲल्युमिनियम हेड घ्यावीत, २१० सीसीची घ्यावीत, की जुन्याच हेडचं पोर्टिंग (पोर्ट घासून मोकळे करणं) करून घ्यावं?

१८० सीसी पोर्ट आणि ६४ सीसी चेंबरची हेड घ्या. तेवढं बजेट नसेल तर जीएमच्या १९९६ पासूनच्या ट्रकमधली व्होर्टेक लोखंडी हेड, पण नीट तपासून. २१० सीसीची हेड मुळात वाईट नाहीत, पण या गाडीला ती चुकीची आहेत. आणि जुन्या ७६ सीसी हेडच्या पोर्टिंगवर पैसे घालणं मला पटत नाही. त्याचं कारण पोर्टमध्ये नाही, चेंबरमध्ये आहे; ते पुढे येईलच.

हेड निवडायच्या आधी इंजिन दिवसभर कुठल्या आरपीएमला फिरतं ते काढा. २७ इंच व्यासाचे टायर आणि ३.०८ रेशो धरला, ओव्हरड्राइव्ह नसला, तर ताशी १०० किलोमीटरला इंजिन साधारण २,४०० आरपीएमवर असतं. शहरात ते १,२०० ते २,५०० मध्ये फिरतं. ओव्हरटेक करताना गिअर खाली पडला की ३,५०० ते ४,५०० पर्यंत जातं. ५,५०० च्या वर ते महिन्यातून एखाद वेळी, तेही काही सेकंदच. म्हणजे तुमचं हेड १,५०० ते ४,५०० मध्ये चांगलं चाललं पाहिजे. जाहिरातीत छापलेली अश्वशक्ती मात्र ६,००० च्या आसपासची असते. हेड विकत घेताना होणारी सर्वांत मोठी गफलत इथे होते.

आता पोर्ट. पिस्टन खाली जाताना हवा पोर्टमधून धावत येते. पिस्टन तळाला जाऊन परत वर निघाला तरी इनटेक व्हॉल्व्ह लगेच बंद होत नाही, काही अंश उघडाच राहतो. त्या वेळात हवेला पुरेसा वेग असेल तर ती स्वतःच्या जोरावर आत येत राहते आणि सिलिंडर चांगला भरतो. वेग कमी असेल तर वर येणारा पिस्टन आलेली हवा मॅनिफोल्डकडे परत ढकलतो. कार्ब्युरेटरच्या इंजिनात आणखी एक नुकसान होतं: मंद हवेत पेट्रोलचे थेंब तरंगत राहत नाहीत, पोर्टच्या तळाला ओघळतात. मग थ्रॉटल एकदम दाबला की गाडी क्षणभर गुदमरते, मिश्रणात पेट्रोल वाढवावं लागतं आणि ॲव्हरेज जातं. मोठा पोर्ट म्हणजे कमी आरपीएमला कमी वेग, इतकं सरळ आहे.

हे मोजता येतं. पोर्टचं सरासरी छेदक्षेत्र चौरस इंचात घ्या, त्याला ८८,२०० ने गुणा आणि एका सिलिंडरच्या घन इंचांनी भागा. कमाल टॉर्क साधारण कुठल्या आरपीएमला येईल ते कळतं. या आकड्यामागे एवढंच आहे की टॉर्कच्या शिखराला पोर्टमधला सरासरी वेग सेकंदाला सुमारे २४० फूट असतो. छेदक्षेत्र काढायला पोर्टचं घनफळ त्याच्या मधल्या रेषेच्या लांबीने भागायचं. १८० सीसी म्हणजे १०.९८ घन इंच. स्मॉल ब्लॉकच्या पोर्टची लांबी ५.३ इंच धरली तर छेदक्षेत्र २.०७ चौरस इंच येतं. ३५० च्या एका सिलिंडरचं आकारमान ४३.७३ घन इंच आहे. त्यावरून टॉर्कचं शिखर ४,१७५ च्या आसपास. हेच गणित २१० सीसीला, लांबी ५.४ इंच धरून केलं तर छेदक्षेत्र २.३७ आणि शिखर ४,७८० येतं. म्हणजे टॉर्कचा सगळा डोंगर सहाशे आरपीएमने पुढे सरकला. त्याच्यासोबत मोठा कॅम (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा), जास्त स्टॉलचा (वरच्या आरपीएमला पकड घेणारा) कन्व्हर्टर आणि ३.७३ सारखा रेशो दिला तर चालेल. तुमच्याकडे यातलं काहीच नाही.

हेच गणित ३८३ इंजिनाला लावून पाहा, म्हणजे हेडवर छापलेला सीसीचा आकडा एकटा का पाहू नये ते कळेल. ४.०३० बोअर आणि ३.७५ स्ट्रोकच्या ३८३ मध्ये एक सिलिंडर ४७.८३ घन इंचांचा. त्यावर १९५ सीसीचं हेड बसवलं तर शिखर ४,१४० येतं, जवळपास ३५० वरच्या १८० सारखंच. तेव्हा पुढे कधी स्ट्रोक वाढवायचा विचार पक्का असेल तर आत्ताच १९५ घेणं शहाणपणाचं. नुसतं ‘बघू कधीतरी’ असेल तर १८० च घ्या.

वेगवेगळ्या कुळातल्या इंजिनांच्या पोर्टचं घनफळ मात्र एकमेकांशी ताडून पाहू नका. जीएमच्या एलएस इंजिनाच्या २४३ कास्टिंगच्या हेडचा इनटेक पोर्ट सुमारे २१० सीसीचा आहे आणि तो ५.७ लिटरवर खालच्या आरपीएमलाही छान चालतो. पण त्या पोर्टची ठेवण, उंची आणि व्हॉल्व्हचा कोन जुन्या स्मॉल ब्लॉकपेक्षा वेगळे आहेत. सीसीची तुलना फक्त एकाच कुळात, सारख्या लांबीच्या पोर्टमध्ये करायची.

फ्लोबेंचच्या (हेडमधून किती हवा जाते ते मोजणाऱ्या यंत्राच्या) आकड्यांकडे कसं पाहायचं, हे यापुढचं. पहिली गोष्ट, चाचणी किती दाबावर घेतली ते विचारा. आता बहुतेक जण २८ इंच पाण्याच्या दाबावर घेतात. जुने आकडे १० किंवा २५ इंचांवरचेही सापडतात. १० इंचांवरच्या आकड्याला १.६७ ने आणि २५ वरच्याला १.०६ ने गुणलं की २८ च्या बरोबरीला येतो. दुसरं, बेंचवर कोणत्या बोअरचा सिलिंडर लावला होता? ४.१२५ बोअरवर व्हॉल्व्हच्या कडेला मोकळी जागा मिळते आणि आकडा फुगतो. तुमचा बोअर ४.००० आहे. तिसरं, एक्झॉस्टच्या चाचणीला पाइप जोडला होता का? पाइप लावला की आकडा वाढतो.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि बहुतेकांची नजर तिथेच चुकते. आकडा कोणत्या लिफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडल्यावरचा आहे? समजा लहान पोर्टचं एक हेड ३०० थाऊला १८५ सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा), ४०० ला २२२ आणि ५०० ला २४० देतं. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, पुढे सगळीकडे तेच माप वापरलं आहे.) दुसरं ३०० ला १७५, ४०० ला २२५, ५०० ला २६० आणि ६०० ला २७५ देतं. जाहिरातीत दुसऱ्याचा २७५ ठळक छापलेला असेल. पण तुमच्या कॅमची लिफ्ट ४५० असेल तर व्हॉल्व्ह ६०० ला कधी पोचतच नाही. शिवाय उघडताना आणि मिटताना असा दोनदा तो २०० ते ४०० च्या पट्ट्यातून जातो, शिखराला मात्र एकदाच. म्हणून रस्त्यावरच्या इंजिनासाठी २००, ३०० आणि ४०० थाऊचे आकडे आधी वाचा. इतक्या लहान पोर्टमधून एवढी हवा गेली, म्हणजे पहिल्या हेडमध्ये वेगही जास्त आहे.

शिखराचा आकडा पुरेसा आहे का, तेही तपासता येतं. २८ इंचांवरचे सीएफएम गुणिले ०.२५७ गुणिले सिलिंडरांची संख्या, म्हणजे त्या हेडमधून निघू शकणाऱ्या अश्वशक्तीची वरची मर्यादा. २४० सीएफएम आणि आठ सिलिंडरला ती ४९० च्या घरात जाते. रस्त्यावरचं इंजिन तिथवर जाणार नाही, पण ३३० ते ३६० अश्वशक्तीचं इंजिन हवं असेल तर २२० ते २४० सीएफएमचं हेड भरपूर झालं. त्याहून जास्तीच्या हवेची किंमत तुम्ही खालच्या टॉर्कमध्ये मोजाल.

एक्झॉस्टचा प्रवाह इनटेकच्या ७० ते ८० टक्के असावा. व्होर्टेकचा एक्झॉस्ट थोडा अशक्त आहे; त्याला एक्झॉस्टच्या बाजूला थोडा जास्त ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ, अंशांत) असलेला कॅम मानवतो. १८० च्या चांगल्या ॲल्युमिनियम हेडला ही अडचण सहसा येत नाही.

चेंबर आणि कॉम्प्रेशन

कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते. माझ्या मते तुमच्या इंजिनात खरा फायदा इथेच आहे. आकडे मांडूनच पाहू. ४.००० बोअर, ३.४८ स्ट्रोक, एका सिलिंडरचं आकारमान ७१६.६ सीसी. कंपनीच्या ब्लॉकमध्ये पिस्टन वरच्या टोकाला आला तरी डेकच्या (ब्लॉकच्या वरच्या सपाट पृष्ठभागाच्या) साधारण २५ थाऊ खाली राहतो, त्याचे ५.१ सीसी. गॅस्केट ३९ थाऊ जाड, ४.१०० व्यासाचं, त्याचे ८.४. सपाट पिस्टनवरच्या व्हॉल्व्हच्या खाचांचे ५ धरू. ७६ सीसी चेंबर मिळवलं की एकूण ९४.६ सीसी आणि कॉम्प्रेशन ८.६ ला १. तेच चेंबर ६४ चं केलं की एकूण ८२.६ आणि कॉम्प्रेशन ९.७ ला १. पिस्टन, ब्लॉक, कॅम कशालाही हात न लावता एक पूर्णांकाहून जास्त वाढ झाली आणि ती आयडलपासून वरपर्यंत प्रत्येक आरपीएमला जाणवते. जुन्या ७६ च्या हेडचे पोर्ट कितीही उघडले तरी हे मिळत नाही. ते हेड घासून चेंबर १२ सीसीने कमी करायचं तर साठेक थाऊ काढावे लागतील, हेडचा तळ पातळ होईल आणि सत्तरच्या दशकातली कित्येक कास्टिंग, विशेषतः ८८२ नंबरची, तशीही तडकण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत.

पण पिस्टन खरोखरच सपाट आहेत का, ते हेड उघडल्यावर स्वतः मोजा. त्या काळातल्या अनेक ३५० मध्ये खोलगट माथ्याचे पिस्टन होते. १२ सीसीचा खड्डा असेल तर ६४ चं हेड बसवूनही कॉम्प्रेशन ९.० च येतं. चेंबरही कॅटलॉगवर विसंबून धरू नका. प्लग लावा, व्हॉल्व्ह बसवा, चेंबरच्या कडेला ग्रीस लावून भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी बसवा आणि ब्युरेटमधून रंगीत स्पिरिट सोडा. नवीन हेडमध्येही छापील आकड्यापेक्षा एक-दोन सीसीचा फरक निघतो.

आता क्वेंच, म्हणजे पिस्टनचा सपाट भाग आणि हेडचा सपाट भाग यांच्यातलं अंतर. पिस्टन वर येताना या फटीतलं मिश्रण जोराने प्लगकडे फेकलं जातं, ज्वाला लवकर पसरते आणि कडेला गरम मिश्रण शिल्लक राहत नाही. हे अंतर ३५ ते ४५ थाऊ असावं. वरच्या गणितात ते २५ अधिक ३९ म्हणजे ६४ थाऊ होतं. इतकी फट असली की मिश्रण ढवळलं जात नाही, आणि ९.७ चं इंजिनही नॉक करू शकतं (कडेचं मिश्रण आपोआप पेटून ठोके पडतात). उलट घट्ट क्वेंचचं १०.२ चं इंजिन त्याच पेट्रोलवर शांत चालतं. कॉम्प्रेशन कमी करायला जाड गॅस्केट घालणारे लोक नेमकं उलटं करतात: आकडा खाली येतो आणि नॉकिंग वाढतं.

उपाय दोन आहेत. ब्लॉक खोललेला असेल तर डेक घासून पिस्टन डेकच्या पातळीला आणा. ३९ चं गॅस्केट तसंच ठेवलं की क्वेंच ३९ आणि कॉम्प्रेशन १०.२५. ॲल्युमिनियम हेडला हे उत्तम. ब्लॉक गाडीतच असेल तर २८ थाऊचं पातळ कॉम्पोझिशन गॅस्केट. क्वेंच ५३, कॉम्प्रेशन ९.९. आदर्श नाही, पण चालतं. पत्र्याचं १५ थाऊचं शिम गॅस्केटही मिळतं. त्याने क्वेंच नेमका ४० होतो, पण ते लोखंडी हेड आणि लोखंडी ब्लॉक यांच्यासाठीच, दोन्ही पृष्ठभाग अगदी सपाट असतील तरच. ॲल्युमिनियमच्या हेडखाली ते घालू नका; दोन धातू वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि पत्रा ती हालचाल झेलत नाही. शिवाय लोखंडी हेड, सौम्य कॅम आणि १०.२५ कॉम्प्रेशन हे साध्या पेट्रोलला काठावरचं आहे.

लोखंडी हेडला ९.५ ते १०, ॲल्युमिनियमला १० ते १०.५, ही रस्त्यावरच्या कार्ब्युरेटर इंजिनाची सुरक्षित हद्द धरा. ॲल्युमिनियम चेंबरमधली उष्णता लवकर ओढून नेतं म्हणून अर्ध्या ते एका पॉइंटची सवलत मिळते. कॅम सौम्य असेल तर इनटेक व्हॉल्व्ह लवकर मिटतो आणि सिलिंडरमधला प्रत्यक्ष दाब वाढतो, तेव्हा हद्दीच्या खालच्या बाजूला राहा. आणखी एक: अमेरिकन लेखांत ९१ ऑक्टेन लिहिलेलं असतं तो त्यांच्या पंपावरचा सरासरी आकडा असतो. रिसर्च ऑक्टेनमध्ये तो ९५-९६ च्या जवळ जातो. हा फरक न कळल्यामुळे अनेक जण अमेरिकेतलं कॉम्प्रेशन जसंच्या तसं उचलतात आणि नॉकिंगने पिस्टनच्या कडा खाऊन बसतात.

व्होर्टेक घ्यायची असतील तर

कास्टिंग नंबरचे शेवटचे तीन आकडे ९०६ किंवा ०६२ असतात. चेंबर ६४ सीसी, पोर्ट १७० च्या आसपास, व्हॉल्व्ह १.९४ आणि १.५० इंचाचे. कंपनीच्या लोखंडी हेडमध्ये रस्त्यासाठी याहून चांगलं स्मॉल ब्लॉकचं हेड शोधून सापडणार नाही. पण बसवताना चार गोष्टी अडवतात. इनटेक मॅनिफोल्डचे बोल्ट वेगळे, दर हेडला चारच आणि उभे, त्यामुळे तुमचं जुनं मॅनिफोल्ड बसत नाही. व्होर्टेकसाठीचंच घ्यावं लागतं. व्हॉल्व्ह कव्हर मधल्या बोल्टचं लागतं. रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे हात) स्वतःच व्हॉल्व्हवर रेषेत राहणारे असतात. त्यांच्यासोबत गाईड प्लेट कधीही लावू नका, दोन्ही मिळून पुशरॉड (कॅमची हालचाल रॉकरपर्यंत नेणारी दांडी) अडकतो. आणि चौथी, लिफ्टची मर्यादा: ४६० ते ४७० थाऊच्या पुढे रिटेनर (स्प्रिंग धरणारी टोपी) गाईडच्या बॉसवर (व्हॉल्व्हच्या नळीभोवतीच्या उंचवट्यावर) आपटतो. जास्त लिफ्ट हवी असेल तर बॉस खाली कापून घ्यावे लागतात, किंवा वर निमुळती होत जाणारी बीहाइव्ह स्प्रिंग आणि छोटा रिटेनर बसवावा लागतो. नव्या कॅमची लिफ्ट ४५० च्या आत ठेवली तर हा खर्च वाचतो, आणि तुमच्या गाडीला तेवढी पुरते.

जुनं हेड घेताना आधी क्रॅक टेस्ट, मगच पैसे. लोखंडाला चुंबकीय चाचणी, ॲल्युमिनियमला डाय पेनिट्रंट, आणि दोन्हींना पाण्याच्या जॅकेटची प्रेशर टेस्ट. तडे बहुतेक दोन सीटच्या (व्हॉल्व्ह टेकतो त्या कड्यांच्या) मधे किंवा एक्झॉस्ट सीटपासून निघतात. नंतर सपाटपणा पाहा: पूर्ण लांबीत ३ थाऊपेक्षा जास्त फरक असेल तर फेसिंग, म्हणजे घासून सपाट करणं. फेसिंग करताना हेडवरून १० थाऊ काढले तर इनटेकच्या बाजूवरून साधारण १२ काढावे लागतात, नाहीतर मॅनिफोल्डची भोकं जुळत नाहीत आणि खालच्या कडेने ऑइल ओढलं जातं. निळा धूर पाहून लोक रिंगा बदलतात, आणि दोष इथे असतो.

ॲल्युमिनियम हेड

जोडीमागे वजन साधारण १८ ते २० किलोने घटतं, हा चांगला फायदा आहे. पण ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं आणि त्यातूनच काही कामं निघतात. प्रत्येक बोल्टखाली कडक वॉशर हवा, नाहीतर बोल्टचं डोकं धातूत रुततं आणि ताण सुटतो. प्लग बदलायचे तर इंजिन पूर्ण थंड असताना. गरम असताना काढले की आटे सोबत येतात. कूलंट गंजरोधक असलेला आणि वेळेवर बदललेला हवा, नुसतं पाणी अजिबात नको. आणि एकदा जरी इंजिन कडकडून तापलं तरी हेड खोलून तपासावं. लोखंड असा एखादा प्रसंग सोसतं. ॲल्युमिनियम वाकतं, मऊ पडतं आणि क्वचित सीट ढिली होऊन सुटते.

तयार जोडलेलं नवीन हेड आलं म्हणून तसंच चढवू नका. त्यावरच्या स्प्रिंग अनेकदा मोठ्या लिफ्टच्या रोलर कॅमसाठी असतात. तुमच्याकडे साधा फ्लॅट टॅपेट कॅम असेल तर सीटवर १०० ते १२० पौंड आणि पूर्ण उघड्या स्थितीत ३०० च्या आसपास, यापेक्षा जास्त दाब नको. जास्त असेल तर पहिल्या वीस मिनिटांतच कॅमचा लोब घासला जातो. दुहेरी स्प्रिंग असेल तर ब्रेक-इनपुरती आतली काढून ठेवतात. हायड्रॉलिक रोलरला सीटवर १२० ते १५० चालतं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला असतानाही स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये मिळून ६० थाऊ आणि रिटेनर ते सील किमान ५० थाऊ मोकळे राहायला हवेत. एक-दोन व्हॉल्व्ह काढून गाईडमधला खेळही पाहा. इनटेकला दीड ते दोन थाऊ, एक्झॉस्टला दोन ते अडीच. सीटची रुंदी इनटेकला ६० आणि एक्झॉस्टला ८० थाऊच्या जवळ असावी. एक्झॉस्टची उष्णता सीटमधूनच बाहेर जाते, म्हणून ती अरुंद केली तर व्हॉल्व्ह जळतो. पोर्टमध्ये मशीनिंगचा चुरा राहिलेला असतो. हेड धुऊनच बसवा.

पोर्टिंगचा मोह झालाच तर सीटच्या खालचा अर्धा इंच एवढंच साफ करा. तिथली मशीनिंगची धार काढली की मिळणारा फायदा बाकी सगळ्या घासकामापेक्षा जास्त असतो. घशाचा व्यास व्हॉल्व्हच्या ८५ ते ९० टक्के ठेवा, २.०२ च्या व्हॉल्व्हला सुमारे १.७८ इंच. पोर्टच्या तळाची आतली वळणाची कड, जिथून हवा व्हॉल्व्हकडे वळते, तिला नवशिक्याने हात लावू नये. ती सपाट झाली की हवा तिथून सुटते आणि हेड कायमचं बिघडतं. इनटेक चकचकीत पॉलिश करायचा नाही, ६० ते ८० नंबरच्या कागदाचा खरखरीतपणा पेट्रोलला उपयोगी पडतो. पोर्टचं तोंड गॅस्केटएवढं मोठं करणंही चूक आहे.

बसवताना

पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात इनटेकला किमान ८० आणि एक्झॉस्टला १०० थाऊ अंतर हवं. पिस्टनवर मऊ मॉडेलिंगची माती (क्ले) ठेवून, तात्पुरत्या हलक्या स्प्रिंग लावून, क्रँक हाताने दोन फेरे फिरवून पाहायचं. सर्वांत कमी अंतर वरच्या टोकाच्या आसपास येतं: एक्झॉस्टला सुमारे १० अंश आधी, इनटेकला १० अंश नंतर.

पुशरॉडची लांबी जुनीच चालेल असं धरून चालू नका. मूळ माप ७.८ इंच, पण हेड, डेक किंवा रॉकर बदलला की ते बदलू शकतं. लांबी बदलता येणारा पुशरॉड लावा, व्हॉल्व्हच्या टोकाला मार्कर फासा, इंजिन फिरवा. रॉकरने उमटवलेला पट्टा शक्य तितका अरुंद आणि मध्याजवळ यायला हवा. पट्टा रुंद किंवा कडेला असेल तर गाईड एका बाजूने झिजतं आणि काही हजार किलोमीटरमध्ये ऑइल खायला सुरुवात होते.

या ब्लॉकमध्ये हेडचे बोल्ट पाण्याच्या जॅकेटमध्ये उतरतात, त्यामुळे प्रत्येकाच्या आट्यांना सीलंट हवं. दर हेडला सतरा बोल्ट. मधून सुरुवात करून बाहेर, २५, ४५ आणि मग ६५ फूट-पौंड, अशा तीन टप्प्यांत. बोल्ट वेगळ्या कंपनीचे असतील तर त्यांच्याच वंगणासोबत त्यांनी दिलेला आकडा पाळा. अनेक थरांचं स्टीलचं गॅस्केट वापरायचं असेल तर दोन्ही पृष्ठभाग खूप गुळगुळीत लागतात; जुन्या ब्लॉकवर तसं मशीनिंग झालेलं नसेल तर कॉम्पोझिशनचंच बरं.

कॅम हेडशी जुळवून घ्या. या हेडला, मूळ कन्व्हर्टरला आणि ३.०८ ला ५० थाऊवर २१० ते २१८ अंश ड्युरेशन आणि ११० ते ११२ लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्टच्या लोबमधला कोन) पुरे. त्यापुढे गेलात तर आयडलचा व्हॅक्यूम घसरतो, पॉवर ब्रेक कडक होतो आणि लहान पोर्टने मिळवलेला खालचा टॉर्क कॅम घालवून बसतो.

टायमिंगही बदलावं लागेल. जुन्या उघड्या चेंबरला एकूण ३६ ते ३८ अंश ॲडव्हान्स (पिस्टन वर पोचण्याआधी ठिणगी पडण्याचा कोन) लागायचा. नव्या हृदयाच्या आकाराच्या चेंबरमध्ये ज्वलन लवकर होतं, म्हणून व्हॅक्यूमची नळी काढून ३० अंशांपासून सुरू करा आणि दोन-दोन अंशांनी वाढवत जा. बहुतेक इंजिनं ३२ ते ३४ ला खूश असतात. जुनाच ३८ ठेवला तर ताकद वाढत नाही, फक्त नॉक होतं, आणि दोष मात्र हेडला दिला जातो. भर चढावर, टॉप गिअरमध्ये, थ्रॉटल दाबून तपासा. मग प्लग काढून पाहा. पोर्सिलेनवर काळे किंवा चमकणारे बारीक ठिपके दिसले तर कानाला ऐकू आलं नसलं तरी नॉक होतं आहे, दोन अंश मागे घ्या.